गालातली तंबाखू आणि डॉ. खानोलकर

तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर काही प्रश्न हमखास विचारतो. तंबाखू खाता का, हा त्यातला नव्हे. त्याचे उत्तर दातांवर लिहिलेलेच असते. आम्ही विचारतो ते असे: गोळी कोणत्या गालात धरता, किती वेळ धरता, चुना असतो का, रात्री झोपतानाही तोंडात असते का? रुग्णाला ही चौकशी जरा जास्तच वाटते. मग तो गालावर बोट ठेवून जागा दाखवतो आणि बहुतेक वेळा व्रण नेमका तिथेच असतो.

आज हे इतके साधे वाटते की हे कुणाला तरी शोधावे लागले असेल असे मनातही येत नाही. पण कॅन्सरची जागा आणि माणसाची सवय यांचा हिशेब आपल्याकडे पहिल्यांदा नेटाने मांडणाऱ्यांत एक ठळक नाव मराठी आहे, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते भारतीय विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून ठाऊक असतात. परीक्षेपुरते. बाकी समाजाला ते फारसे माहीत नाहीत. आपल्या विदर्भात तर त्यांची ओळख अगदी घरोघरी असायला हवी होती, कारण त्यांनी ज्या रोगाचा माग काढला तो आज आपल्या पानठेल्यांवर पन्नीत घोटून मिळतो.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. पदवी त्यांनी मिळवली. मुंबईला परतल्यावर आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पुढे परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज इथे ते शिकवू लागले. या दुसऱ्या कॉलेजाची गोष्ट थोडी सांगायला हवी. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या मोठ्या जागा तेव्हा बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. म्हणून जी. एस. कॉलेज आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय उभे राहताना देणगीदारांनी अटच घातली, की इथे शिकवणारे पात्र भारतीयच असतील. खानोलकर या पहिल्या पिढीचे शिक्षक. भारतीय डॉक्टर रोगी बरे करू शकतो, हे लोक मान्य करत होते. तो नवे ज्ञान निर्माण करू शकतो हे अजून सिद्ध व्हायचे होते.

त्या काळात कॅन्सरबद्दल एक समज पक्का होता, की हा पाश्चात्त्यांचा, सुखवस्तू आणि सुधारलेल्या समाजांचा रोग आहे आणि हिंदुस्थानात तो क्वचितच आढळतो. समज निराधार असला तरी तो का पसरला हे समजते. १९३१ ते १९४१ या दशकात आपले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. प्लेग, हिवताप, क्षय, बाळंतपण यांतून वाचून पन्नाशी गाठणारेच थोडे. मग पन्नाशीनंतर जास्त दिसणारा रोग नजरेत येणार कसा? शिवाय खेड्यात जो मेला तो कशाने मेला, याची नोंद करणार कोण? १९३० च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल या दोन संशोधकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या नोंदी चाळून दाखवून दिले की कॅन्सर इथे भरपूर आहे, फक्त तो मोजला गेलेला नाही. ज्या रोगाची नोंद नाही तो रोगच नाही, असे धरून चालायची आपल्या आरोग्य व्यवस्थेची खोड तेव्हापासूनची आहे. ती पुरती गेली आहे असे मला वाटत नाही.

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ टाटांच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. वय ४५. आता देशभरातून कॅन्सरचे रुग्ण एकाच दारातून आत येणार होते आणि प्रत्येकाच्या गाठीचा तुकडा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येणार होता.

पॅथॉलॉजिस्टचे काम कसे असते, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. गाठीचा तुकडा बाटलीत येतो, सोबत चिठ्ठी येते, चिठ्ठीवर नाव, वय, अवयव. काचपट्टीवर पेशी पाहायच्या, कॅन्सर आहे की नाही ते लिहायचे, चिठ्ठी परत पाठवायची. रुग्णाचे तोंड बघायची गरज पडत नाही आणि अनेक पॅथॉलॉजिस्ट आयुष्यभर ते बघत नाहीत. खानोलकरांचे वेगळेपण इथे आहे. काचपट्टीवरचा कॅन्सर जगात सगळीकडे जवळपास सारखाच दिसतो. लंडनच्या गालातला आणि मुंबईच्या गालातला यांतला फरक पेशी सांगत नाहीत. मग मुंबईत गालाचा कॅन्सर एवढा का आणि लंडनमध्ये का नाही, याचे उत्तर काचपट्टीच्या बाहेर असणार. ते माणसाच्या खाण्यात, ओढण्यात, नेसण्यात, लग्नाच्या वयात शोधावे लागेल, असे त्यांनी ठरवले.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लागोपाठच्या, हा शब्द महत्त्वाचा. आपल्या म्हणण्याला सोयीचे रुग्ण निवडले नाहीत, जसे आले तसे सगळे घेतले, असा त्याचा अर्थ. तंबाखू-पान खाणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर दिसतो, असे दक्षिणेतल्या मिशन रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आधी नोंदवले होते. ते श्रेय त्यांचेच. पण एवढ्या मोठ्या संख्येने, ठरवलेल्या पद्धतीने, अवयवाचा नेमका भाग आणि सवय यांची सांगड घालणे हे नवे होते. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे गाजलेले संशोधन ब्रिटनमधून आले १९५० मध्ये. आपला अभ्यास सहा वर्षे आधीचा आहे. अर्थात दोन्हींची तुलना सरळ करता येत नाही. डॉल-हिल यांनी कॅन्सर नसलेल्या रुग्णांचा गट शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले होते, ती शिस्त खानोलकरांच्या कामात पुढे आली. पण तंबाखूकडे बोट दाखवण्यात मुंबई मागे नव्हती, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेले नसते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत आणखी एक लेख लिहिला. रूढी आणि कॅन्सर यांच्या संबंधावरचा. मला विचाराल तर खानोलकरांच्या सगळ्या लेखनात हा सर्वांत वाचनीय. त्यात त्यांनी खैनीचा कॅन्सर वर्णन केला. तळहातावर तंबाखू आणि चुना मळून ती चिमूट खालच्या ओठामागच्या खाचेत दाबून ठेवायची, ही बिहार आणि उत्तरेकडची रीत. तिथून आलेल्या माणसांत कॅन्सर नेमका त्या खाचेतच उगवत होता. विडा गालात धरणाऱ्याचा गालात, खैनी ओठामागे ठेवणाऱ्याचा ओठामागे. हे कसे घडते त्याची रसायने पुढे उलगडली. चुन्याने तोंडातले मिश्रण अल्कधर्मी होते, त्यामुळे निकोटिन झटकन रक्तात उतरते आणि तलफ भागते. पण त्याच चुन्याने गालाचे नाजूक अस्तर भाजत राहते आणि तंबाखूतली कॅन्सरकारक द्रव्ये भाजलेल्या जागेतून आत शिरतात. एकाच जागी, रोज, वीस वर्षे.

त्याच लेखातला दुसरा रोग तंबाखूशी अजिबात संबंधित नाही. तो धोतराचा कॅन्सर. धोतर कमरेला घट्ट आवळून नेसणाऱ्या काही पुरुषांत कमरेच्या रेषेवरची कातडी आधी काळवंडते किंवा पांढरी पडते, मग खरखरीत होते, कधी तिथे न भरणारी जखम होते आणि फार वर्षांनी त्या जखमेचा कॅन्सर होतो. घाम, घर्षण आणि दाब, दुसरे काही नाही. घाबरायचे कारण नाही, हा कॅन्सर अतिशय विरळ आहे. कोट्यवधी लोकांनी धोतर नेसले आणि त्यांना काही झाले नाही. पण सततच्या साध्या इजेने कॅन्सर होऊ शकतो, हे त्यातून कळले. इंग्लंडमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांत काजळीमुळे होणारा कॅन्सर ओळखला होता, काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीचा कॅन्सर डॉक्टरांनी नोंदवला होता. खानोलकरांनी धोतराला त्या रांगेत बसवले.

धोतर गेले, परकराची नाडी राहिली. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन वयस्क स्त्रियांच्या कमरेवरच्या अशाच कॅन्सरची नोंद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केली. त्यांतली एक परकर न वापरता लुगडे घट्ट नेसणारी होती. सल्ला सोपा आहे. नाडी सैल बांधावी, गाठीची जागा अधूनमधून बदलावी, रुंद पट्टीचा परकर वापरावा आणि कमरेवरची जखम महिनाभरात भरली नाही तर मलमे बदलत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावी.

खानोलकरांचा आणखी एक आवडता मार्ग म्हणजे एकाच शहरातल्या निरनिराळ्या समाजांची तुलना. मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती शेजारी राहतात. हवा तीच, पाणी तेच. तरी पारशी स्त्रियांत स्तनांचा कॅन्सर जास्त आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त, असे त्यांना दिसले. लवकर होणारी लग्ने, अनेक बाळंतपणे हे एका बाजूला. उशिरा लग्न, थोडी मुले हे दुसऱ्या बाजूला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू सापडायला १९८० चे दशक उजाडावे लागले, पण रोग राहणीशी बांधलेला आहे हे गणित त्याआधी कितीतरी वर्षे मांडून झाले होते. या तुलनेतून त्यांना आनुवंशिकतेचीही गोडी लागली. ल. दे. संघवी या तरुण संशोधकाला बरोबर घेऊन त्यांनी मुंबईतल्या आपापसांतच लग्ने करणाऱ्या समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. जात रक्तात दिसते का, असा खोडसाळ प्रश्न त्यांनी विचारला नाही. रोगातला फरक जन्माने येतो की सवयीने, एवढेच त्यांना पाहायचे होते.

त्याचे एक ठोस उत्तर १९५५ मध्ये आले. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचे निरनिराळे परिणाम मांडले. चघळणाऱ्यांचा रोग तोंडाच्या पुढच्या भागात, म्हणजे गाल, हिरड्या यांत. विडी ओढणाऱ्यांचा मागे, जिभेच्या मुळाशी आणि घशात. दोन्ही करणाऱ्यांचा धोका आणखी मोठा. सवय बदला, रोगाची जागा बदलते. याहून स्पष्ट पुरावा त्या काळच्या साधनांनी देणे कठीण होते.

१९५२ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि त्याचे संस्थापक-संचालक खानोलकर झाले. तिथे त्यांनी माणसे घडवली. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि या केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. बाईमाणसाला प्रयोगशाळा सोपवणे त्या काळी किती जणांना रुचले असेल, याची कल्पना आजही सरकारी संस्थांत काम करणाऱ्या स्त्रिया करू शकतील. कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांवरही खानोलकरांनी बारकाईने काम केले आणि मज्जातंतूंवर भर दिला. पुढे मानसन्मान ओघाने आलेच: १९५४ मध्ये पद्मभूषण, कॅन्सरविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, मग राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

त्यांच्या कामाची एक मर्यादा मोकळेपणाने सांगायला हवी. त्यांचे रुग्ण हे परळपर्यंत पोचलेले रुग्ण होते. ज्याला रेल्वेचे भाडे जमले, ज्याच्या घरी सोबत येणारे कुणी होते, तो या हिशेबात आला. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या घरात जबडा सुजून मेलेला माणूस त्यात नाही. एका रुग्णालयात किती आले यावरून एका गावात किती आहेत हे कळत नाही; त्यासाठी ठरावीक लोकसंख्येतला प्रत्येक नवा रुग्ण नोंदवावा लागतो. अशी नोंदणी मुंबईत १९६० च्या दशकात इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली आणि नागपुरात ती १९८० मध्ये आली. दुसरी उणीव खेड्यांची. ती फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या गटाने भरून काढली. हे लोक १९६० च्या दशकापासून गुजरात, केरळ, आंध्र, बिहारच्या खेड्यांत घरोघर गेले, तोंडे उघडून पाहिली आणि त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे परत गेले. कॅन्सर सहसा एकाएकी येत नाही, आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, हे त्यांना दिसले. मग ३६ हजारांवर तंबाखू खाणाऱ्यांवर त्यांनी साधा प्रयोग केला. समजावून सांगायचे, पुन्हा पुन्हा सांगायचे. ज्यांनी सोडली किंवा कमी केली त्यांच्यात नवे चट्टे कमी उमटले. १९८६ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. ना यंत्र, ना औषध.

दीर्घकाळ चालणाऱ्या रोगांची अडचण हीच आहे. रोग वीस वर्षे शिजतो आणि आपली व्यवस्था शेवटच्या सहा महिन्यांसाठी बांधलेली आहे. ऑपरेशन थिएटर दिसते, किरणोपचाराचे यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन करता येते. गावातल्या उपकेंद्रात बॅटरी घेऊन तोंडात डोकावणाऱ्या परिचारिकेचे उद्घाटन कोण करणार? यंत्रे लागतातच, मीही ती मागतो. पण शस्त्रक्रियेने अर्धा जबडा काढलेल्या तिशीतल्या माणसाला पाहिले की हिशेब कुठे चुकला ते लगेच कळते.

आता आपल्या खर्ऱ्याकडे येऊ. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, की खर्रा तयार. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण हाताने घोटलेला ताजा खर्रा नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सर्रास मिळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होते आणि ओढणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे आपला शत्रू सिगारेटपेक्षा कितीतरी पटींनी गालात आहे.

खर्ऱ्यात सुपारी भरपूर असते, म्हणून त्याचे नुकसान दुहेरी. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्याने गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल पुठ्ठ्यासारखा कडक होतो, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडेनासे होते. याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. तो स्वतः कॅन्सर नाही, पण त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो आणि आकसलेला गाल पूर्ववत करणारे खात्रीचे औषध आजही नाही. हल्ली तो विशीतल्या पोरांत दिसतो. तंबाखू नको, नुसती सुपारी खातो, असे सांगणारा रुग्ण मला दर आठवड्याला भेटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविरहित सुपारीही माणसात कॅन्सर करते, असा निर्वाळा दिला आहे.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. रोज खाणाऱ्याला २ गुण मिळतात आणि एकूण गुण ४ च्या वर गेले की तपासणीसाठी त्याचा नंबर आधी लागतो. तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा चट्टा आहे का, हेही त्यात विचारतात. आशाताई दारात आल्या की त्यांना खरे सांगा. बायकोसमोर किंवा सासऱ्यांसमोर सांगायचे नसेल तर उपकेंद्रात जाऊन सांगा.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी फक्त डोळ्यांनी तोंडे तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले. हे घरीही करता येते. दिवसाउजेडी आरशासमोर उभे राहा, चूळ भरा, दोन्ही गाल बोटाने ओढून आतून बघा, खालचा ओठ उलटा करा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा बघा. जिथे गोळी धरता ती जागा सगळ्यात नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांनंतरही न भरलेला व्रण, कारण नसताना हललेला दात, किंवा तोंड पूर्ण उघडल्यावर स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील, तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखत नाहीच. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी आहे, मेडिकल आणि मेयोत कान-नाक-घशाचा विभाग आहे. जाताना रोज किती पुड्या आणि किती वर्षांपासून, हे आठवून जा. डॉक्टर विचारतील.